सराउंडचे डबे नेमके कुठे टांगायचे? (खोली ११ × १६, नागपूर)

झिरोमाईल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बेसा रोडला घर बांधलं. वरच्या मजल्यावरची एक खोली नकाशा काढला तेव्हापासूनच सिनेमासाठी अडवून ठेवली आहे. घरच्यांनी तिला आतापर्यंत धान्याची खोली, पाहुण्यांची खोली आणि 'बाबांचं खूळ' अशी तीन नावं दिली. आतून रुंदी ११ फूट, लांबी १६ फूट, स्लॅब १० फुटांवर. पुट्टी आणि पीओपी बाकी आहे, म्हणजे भिंत फोडायची तर आत्ताच. एकदा रंग लागला की घरात कोणी हातोडी उचलू देणार नाही.

प्रोजेक्टर आणि १०० इंची पडदा ठरला. समोरचे दोन बुकशेल्फ (लहान डब्याचे स्पीकर), सेंटर आणि सबवूफर जुन्या घरातून येतात. नऊ चॅनलचा रिसीव्हर (स्पीकर चालवणारा अॅम्प) घेऊन झाला. अडलंय ते सराउंडवर, म्हणजे बाजूने-मागून आवाज देणाऱ्या स्पीकरवर.

दुकानदार येऊन खोली पाहून गेला. त्याचं म्हणणं असं: सोफा मागच्या भिंतीला टेकवा, चार सराउंड चार कोपऱ्यांत छताला लागून खाली झुकवून लावा, आणि डायपोलच (दोन तोंडांचे स्पीकर) घ्या, 'थेटरसारखा आवाज घुमतो'. डायपोलच्या जोडीची किंमत ऐकून मीच थोडा घुमलो.

बसायला तीन रिक्लायनर खुर्च्यांचा सोफा घेतोय. शिवाय आईसाठी मागच्या भिंतीशी एक दिवाण हवाच आहे, ही अट बदलता येणार नाही. बाकी सगळं बदलता येईल. काय करू?

तर्रीपोहे

भाऊ, काहून इतका कुटाणा करून राहिले? एक साउंडबार घ्या, उरलेल्या पैशात दर रविवारी मित्रांना पोहे चारा.

(हलके घ्या. वाचून राहिलो.)

डेसिबल

साउंडबारचा सल्ला प्रेमळ आहे, पण ज्याने खोली अडवून ठेवली तो त्यावर थांबणार नाही.

झिरोमाईल, स्पीकर कोणता घ्यायचा ते नंतर. आधी तुमचं डोकं खोलीत कुठे असणार ते ठरवा. सराउंडच्या सगळ्या जागा श्रोत्याच्या कानापासून अंशांत मोजतात, भिंतीच्या कोपऱ्यापासून नाही. पडद्याचा मध्य म्हणजे शून्य अंश धरा. पाच स्पीकरच्या मांडणीत सराउंड ११० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेच्या थोडे मागे, असं डॉल्बी सांगते. आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) बीएस ७७५ ही शिफारस १०० ते १२० म्हणते. सात स्पीकर असतील तर बाजूचे ९० ते ११० आणि मागचे १३५ ते १५०.

आता दुकानदाराची जागा मोजू. सोफा मागच्या भिंतीला टेकला की डोकं भिंतीपासून दीड फुटावर येतं. मागचे स्पीकर १४५ अंशांवर लावायचे म्हटले तर ते डोक्याच्या मागे जेमतेम एकेक फूट डावी-उजवीकडे बसतील. म्हणजे दोन कानांमागे दोन हेडफोन टांगल्यासारखं.

आणि बाजूचा स्पीकर छताला लागून लावला तर? कान जमिनीपासून सव्वातीन फुटांवर, स्पीकर नऊ फुटांवर, भिंत साडेपाच फुटांवर. कानापासून तो सुमारे ४६ अंश वर जातो. ही तर अॅटमॉसच्या (डॉल्बीची वरूनही आवाज देणारी पद्धत) छतावरच्या स्पीकरची जागा झाली. वर खरे छताचे स्पीकरही लावलेत की पाऊस आणि गर्दी एकाच ठिकाणाहून ऐकू येईल.

पुणेरी_पाटी

धागा उत्तम. फक्त एक शंका: 'सराउंड'ला मराठी शब्द नाही का? 'घेरध्वनी' चालावा.

तर्रीपोहे

घेरध्वनी म्हणजे आमच्याकडे लग्नातला डीजे.

पुणेरी_पाटी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

ओळंबा

बांधकामातला माणूस आहे, आवाजातलं फार कळत नाही, पण मोजमापाचं सांगू शकतो. कागदावर अंश काढून खोलीत जुळत नाहीत. मी स्वतःच्या खोलीत असं केलं.

पोराच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला. जिथे मधल्या खुर्चीतलं डोकं येणार तिथे स्टूल, स्टुलावर डबे रचून कानाची उंची आणली आणि वर कोनमापक चिकटपट्टीने बसवला. त्याच्या मध्यबिंदूवर सुतळीची गाठ. एक सुतळी ताणून पडद्याच्या मध्यावर, हा शून्य. दुसरी सुतळी ११० वर धरून भिंतीपर्यंत नेली, टेकली तिथे पेन्सिलची खूण. त्या खुणेवरून ओळंब्याने सरळ वर जायचं आणि हव्या त्या उंचीला फुली मारायची. दोन्ही बाजूंना मिळून अर्धा तास लागला. बायकोला वाटलं वास्तुशास्त्र चाललंय.

तुमच्या खोलीत डोकं पुढच्या भिंतीपासून साडेदहा फुटांवर आणा, मागे साडेपाच फूट उरतात. मग ११० अंशाची खूण बाजूच्या भिंतीवर कानाच्या बरोबर दोन फूट मागे पडेल. १०० अंशाची फुटभर मागे. १०० इंची पडद्यासाठीही साडेदहा फूट चांगलं अंतर आहे, मागच्या भिंतीवरून तो पडदा टीव्हीसारखा दिसेल.

एकच जपा. खोलीच्या बरोबर मध्यात, म्हणजे आठ फुटांवर, डोकं आणू नका.

झिरोमाईल

मध्यात का नको? मला तर मध्यच सोयीचा वाटत होता.

डेसिबल

१६ फूट लांबीच्या खोलीत साधारण ३५ हर्ट्झची लहर समोरासमोरच्या दोन भिंतींत अडकून उभी राहते. बरोबर मध्यावर तिचा दाब जवळपास शून्य असतो. कितीही मोठा सबवूफर आणा, त्या खुर्चीत ती नोट ऐकूच येत नाही. उलट मागच्या भिंतीला टेकलात की तीच नोट अंगावर येते. साडेदहा फूट म्हणजे साधारण दोन तृतीयांश अंतर, तिथे बरं चालतं.

कूलरवाला

नागपूरकर आहात म्हणून विचारतो, कूलर की एसी? माझ्याकडे खिडकीला मोठा कूलर आहे. मे महिन्यात हलक्या आवाजातले सगळे सराउंड, वारा, पानं, लांबून येणारी पावलं, कूलरच खाऊन टाकतो. सिनेमात पात्र फिसफिसलं की आम्ही कूलर बंद करतो आणि दोन मिनिटांत घामाघूम होऊन परत लावतो. वरचा मजला असेल तर एसी आणि गच्चीवर ग्रीन नेट, याला पर्याय नाही.

अवांतर: ४५ अंशांत आवाजाचा वेग सेकंदाला ३५८ मीटरच्या आसपास जातो, २० अंशांत ३४३ असतो. म्हणजे नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हात) आपल्याकडे सिनेमा चारेक टक्के लवकर ऐकू येतो.

डेसिबल

सगळेच स्पीकर सारख्या प्रमाणात लवकर, त्यामुळे सेटिंग हलवायची गरज नाही. पण मुद्दा आवडला.

मूकपट

डायपोलला इतकं सहज मोडीत काढू नका. मी २००३ पासून वापरतोय. एका डब्यात दोन तोंडं, एक पुढे एक मागे, दोन्ही उलट्या फेजमध्ये, म्हणजे एक हवा बाहेर ढकलतं तेव्हा दुसरं आत ओढतं. मधल्या रेषेत आवाज कापला जातो, त्यामुळे कानाला स्पीकर सापडतच नाही. आवाज भिंतींवरून फिरून येतो आणि बसणाऱ्याला वाटतं सगळी खोलीच वाजतेय. थिएटरात सदरच्या लिबर्टीत किंवा कुठेही पाहा, भिंतीवर एकच स्पीकर असतो का? ओळच्या ओळ असते. घरी ती ओळ लावता येत नाही, म्हणून डायपोल. टीएचएक्सने (सिनेमाच्या आवाजाचे दर्जे ठरवणारी कंपनी) हेच सांगितलं होतं आणि ती काही वेडी माणसं नव्हती.

डेसिबल

मूकपटकाका, त्या काळासाठी ते अगदी बरोबर होतं. तेव्हाचे सराउंड म्हणजे मुख्यतः वातावरण, गर्दी, पाऊस, संगीताची शेपूट. २०१२ मध्ये अॅटमॉस थिएटरात आलं, २०१४ पासून घरच्या रिसीव्हरमध्ये. त्यात आवाज 'डावीकडे, थोडा मागे, थोडा वर' अशा जागेसकट साठवलेला असतो. जो स्पीकर स्वतःची जागा लपवायला बनवलाय, त्याला जागा दाखवायला सांगणं अन्याय आहे.

दुसरं, डायपोलची ती कापलेली रेषा बरोबर श्रोत्यावर यावी लागते, म्हणजे तो अगदी ९० अंशांवरच लावायचा. झिरोमाईल यांच्याकडे रिक्लायनर आणि मागे दिवाण आहे. एका रांगेला रेषा मिळाली तर दुसरीला एकच तोंड ऐकू येणार.

मूकपट

दिवाणाचा मुद्दा मान्य. बाकी माझे डायपोल मी काढणार नाही, हेही सांगून ठेवतो.

गच्चीवरची

आमची खोली तुमच्याहून फुटभर अरुंद. जे भोगलं ते सांगते.

आम्ही पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सराउंड अगदी कानाच्या उंचीवर लावले. मधल्या खुर्चीत स्वर्ग. कडेच्या खुर्चीत मी. माझ्या कानापासून तीन फुटांवर डबा, आणि तिकडच्या भिंतीवरचा मला ऐकूच येत नव्हता. पाऊस पडला की फक्त माझ्या उजव्या कानात पडायचा. नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, 'मला तर मस्त ऐकू येतं.' येणारच, मधली खुर्ची त्यांची.

शेवटी मीच स्टुलावर चढून डबा हाताने वर धरला आणि त्यांना कडेला बसवलं. दोन मिनिटांत पटलं.

आणि रिक्लायनर घेताय तर पाठ बघून घ्या. आमच्या खुर्चीची पाठ डोक्याच्याही वर जाते. मागे रेललं की कान खाली येतो आणि गादीची भिंत कानामागे उभी राहते. मागून येणारे बारीक आवाज सगळे त्या फोममध्ये मुरतात. दुकानात खुर्चीवर बसून नुसती मऊ आहे का ते पाहिलं, कान कुठे येतो ते पाहिलंच नाही.

डेसिबल

ताई, तुमच्या स्टुलाचा हिशोब मांडून दाखवतो. खुर्च्या अडीच फूट रुंदीच्या तीन, खोली ११ फूट. कडेच्या माणसाचा कान जवळच्या भिंतीपासून ३ फूट, पलीकडच्या कडेच्याचा ८ फूट. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, त्या हिशोबाने या दोघांत साडेआठ डेसिबलचा फरक. स्पीकर कानापेक्षा २ फूट वर नेला की अंतरं ३.६ आणि ८.२५ होतात, फरक ७ वर येतो. ३ फूट वर नेला तर ६. शिवाय स्पीकरचं तोंड जवळच्या माणसाच्या डोक्यावरून पलीकडच्या माणसाकडे वळवा. जवळच्याला तो तिरका ऐकू येईल, वरचे सूर त्याच्यासाठी आपोआप मवाळ होतील.

अॅटमॉसच्या नियमात खालचे स्पीकर कानाच्या उंचीवर हवेत हे खरं, पण रुंद खोली गृहीत धरून ते सांगणं सोपं आहे. ११ फुटांत मी कानापेक्षा दीड ते दोन फूट वर लावीन, त्याहून जास्त नाही. तिथे वरच्या स्पीकरपासून अंतरही राहतं आणि कडेचा माणूसही वाचतो.

झिरोमाईल

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. एक फाटा अजून आहे. रिसीव्हर नऊ चॅनलचा. म्हणजे ७.१.२ किंवा ५.१.४. दुकानदार सरळ ७.१.४ म्हणत होता.

डेसिबल

७.१.४ ला अकरा चॅनल लागतात. पहिला आकडा कानाच्या पातळीचे, दुसरा सबवूफर, तिसरा छताचे. सात अधिक चार अकरा. तो तुम्हाला आणखी एक अॅम्प विकणार होता, एवढाच अर्थ.

तुमच्या मागच्या भिंतीला दिवाण आहे. मागचे स्पीकर लावले तर ते आईंच्या डोक्यावर येणार. माझं मत ५.१.४. सराउंड ११० अंशांवर, म्हणजे दोन रांगांच्या मधोमध, आणि चार वर. दिवाणावरच्यांना सराउंड किंचित पुढून ऐकू येईल, ती किंमत आहे. दिवाणावर सिनेमा जाणकारपणे कोण पाहणार आहे?

झिरोमाईल

आई. आणि ती अर्ध्या तासात झोपते.

डेसिबल

मग ठरलं.

कूलरवाला

छतावर स्पीकर लावायचे नसतील तर समोरच्या स्पीकरवर ठेवायचे, आवाज छतावर आपटून खाली येतो ते प्रकार चालतात का? सोपं पडतं.

ओळंबा

सपाट, कडक छत असेल तरच. पीओपी म्हटलं की आपल्याकडे मधे खोलगट तबक, कडेने एलईडीची पट्टी, चार ठिकाणी फुलं. आवाज आपटून कुठे जाईल ते ब्रह्मदेव जाणे. साधं सपाट जिप्समचं छत करायला मिस्त्री तयार नसतो, त्याला वाटतं आपली कला वाया जातेय.

झिरोमाईल, पीओपी व्हायचंय तर सरळ छतात बसणारे घ्या. नऊ इंच खाली छत घेतलं की ते सव्वानऊ फुटांवर येईल, कानापासून सहा फूट वर. पुढची जोडी डोक्याच्या पाच फूट पुढे, मागची साडेचार फूट मागे, आणि समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या सरळ रेषेत. मागची साडेचार म्हणजे भिंतीपासून फक्त एक फूट सुटतो, म्हणून पीओपीवाल्याला कडेची पट्टी तिथे बारीक ठेवायला आधीच सांगा. वजन जिप्समवर सोडू नका, प्रत्येक स्पीकरला एक बारीक तार स्लॅबच्या फास्टनरला बांधा. आणि वरून प्लायची पेटी करून झाका. लकडगंजात उरलेल्या तुकड्यांतून चार पेट्या होतात. नाही झाकलं तर अर्धा आवाज छताच्या पोकळीत जातो आणि एलईडीचे पत्रे खुळखुळतात.

डेसिबल

ओळंबा, कोन तपासले. पुढची ५० अंश, मागची १२७. दोन्ही डॉल्बीच्या पट्ट्यात बसतात, पुढच्यांसाठी ३० ते ५५ आणि मागच्यांसाठी १२५ ते १५०.

झिरोमाईल

आता स्पीकर कोणते? वॉट बघू की कंपनी?

डेसिबल

समोरचे ज्या कंपनीच्या ज्या मालिकेतले, त्याच मालिकेतला लहान बुकशेल्फ. गाडी डावीकडून मागे गेली तर तिचा आवाज मधेच बदलू नये एवढ्यासाठी. भिंतीला टेकवायचे आहेत म्हणून मागे भोक असलेला नको, बंद डबा किंवा पुढे भोक असलेला पाहा. वूफर चार-साडेचार इंची असला तरी पुरे, १०० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे पाठवायचं.

वॉटच्या आकड्याने घाबरू नका आणि भुलूही नका. समजा स्पीकर ८६ डेसिबलचा, म्हणजे एक वॉटवर एक मीटरला ८६. तुम्ही दोन मीटरवर, म्हणजे ८०. घरात आपण थिएटरच्या रेफरन्स पातळीपेक्षा बरंच खाली ऐकतो, सराउंडचं टोक ९० पर्यंत गेलं तरी दहा वॉट झाले. थिएटरइतकं पूर्ण १०५ चं टोक हवं असेल तर तीनशेच्या वर लागतील, पण मग शेजारी पोलिस घेऊन येतील. चाळीस आणि ऐंशी वॉटमध्ये फरक फक्त ३ डेसिबल.

मूकपट

आणि त्या एका वाक्यावर दुकानं चालतात.

तर्रीपोहे

वायरीचं मले विचारा. माह्या भावानं 'प्युअर कॉपर' म्हणून बंडल आणलं, अर्ध्या किमतीत. ब्लेडनं एक तार खरवडली तर आत पांढरं निघालं. अॅल्युमिनियमवर तांब्याचं पाणी. वाजते बा, वाजत नाही असं नाही, पण पैसे तांब्याचे घेतले ना. दुकानातच एक धागा खरवडून पाहत जा. दुकानदाराचा चेहरा पाहूनच समजते.

ओळंबा

दीड स्क्वेअर एमएमची चांगली तांब्याची वायर या खोलीला पुरते, लांब फेऱ्यांना अडीच टाका. विजेच्या पाइपपासून फूटभर लांब ठेवा, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. आणि मागच्या भिंतीतही दोन रिकामे पाइप आत्ताच टाकून ठेवा. आज ५.१.४ म्हणताय, चार वर्षांनी दिवाण हलला तर भिंत फोडावी लागणार नाही.

झिरोमाईल

बारा दिवसांनी लिहितोय.

भोक पाडण्याआधी प्रयोग करायचं ठरवलं. दोन बुकशेल्फ मित्राकडून उसने आणले. सवापाच फूट उंचीवर ठेवायचे कशावर? घोडा एकच होता. मग आईच्या धान्याच्या दोन कोठ्या वर आणल्या आणि त्यावर स्टूल. पहिल्या दिवशी उजवीकडून सतत एक टिणटिण ऐकू येत होती. स्पीकर बदलला, वायर बदलली, तरी तीच. शेवटी कोठीवर हात ठेवला तर थांबली. डावीकडची कोठी तांदळाने भरलेली होती, उजवीकडची रिकामी. तिच्यात वीस किलो गहू ओतले आणि आवाज निर्मळ झाला. आईचं मत असं की आता ती खोली परत धान्याची झाली.

कोनमापकाने ११० ची खूण केली होती. १००, ११० आणि १२० तिन्ही ऐकून पाहिले. १०० ला मधल्या खुर्चीत बाजूचे आवाज छान, पण दिवाणावर फार पुढून. १२० ला दिवाणाच्या अगदी कानाशी. ११० वर मुलगी मागे वळून बघायला लागली, कोणी आलं का म्हणून. त्यावरच शिक्का मारला.

उंचीचंही गच्चीवरची ताईंचं खरं निघालं. कानाच्या पातळीला मी मधे बसून खूश होतो, बायको कडेला बसून गप्प होती. दोन फूट वर नेल्यावर ती बोलायला लागली.

सोफा भिंतीपासून साडेपाच फूट पुढे आणला, हा या सगळ्यातला सर्वात मोठा फरक. त्याला एक रुपया लागला नाही.

गच्चीवरची

कडेच्या खुर्चीचा विजय असो.

कूलरवाला

भिंतींचं काय केलंत? रिकाम्या खोलीत टाळी वाजवून पाहिलीत का? प्लास्टरच्या खोलीत ती फडफडत राहते.

झिरोमाईल

वाजवली. कबुतर उडाल्यासारखी फडफडली.

गांधीबागेतून कापड आणलं, दोन इंची रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) घनमीटरला ४८ किलो घनतेचं, लाकडी चौकटीत बसवून सहा पॅनल केले. कापड निवडताना तोंडाला लावून फुंकून पाहायचं, श्वास आरपार गेला पाहिजे. दुकानदाराला वाटलं उन्हाने माझं डोकं फिरलं. आरसा भिंतीवर सरकवत नेऊन मधल्या खुर्चीतून समोरचा स्पीकर आरशात जिथे दिसला तिथे पॅनल लावले. सराउंडच्या मागच्या भिंतीला मात्र काही लावलं नाही.

डेसिबल

बरोबर केलंत, सगळं मऊ केलं तर खोली गुदमरते. कॅलिब्रेशन (माइक लावून रिसीव्हरची जुळणी) केलंत का?

झिरोमाईल

सकाळी पाच वाजता. एसी बंद, पंखा बंद, रस्त्यावर दूधवाला सोडून कोणी नाही. माइक कॅमेऱ्याच्या तिवईवर कानाच्या उंचीला लावला. आधी खुर्चीच्या पाठीवर टेकवला होता तर आकडे विचित्र आले, पाठीवरून आवाज उसळतो बहुतेक.

तरी दोन घोळ झालेच. रिसीव्हरने डाव्या सराउंडला ६० हर्ट्झ आणि उजव्याला ९० असा कटऑफ (त्याच्या खालचं सबवूफरकडे) दिला, सारख्याच डब्यांना. मी दोन्ही १०० केले. दुसरा घोळ माझा. उजव्या सराउंडला 'फेज' अशी सूचना आली. लाल-काळी वायर उलटी खोवली होती, भिंतीतून ओढताना खुणेची चिकटपट्टी निघून गेली होती. अॅम्पपासून वायर सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला, कोन बाहेर यायच्या ऐवजी आत गेला, तेव्हा खात्री पटली.

मूकपट

फेज उलटी होती तोवर कसं वाटत होतं? खरं सांगा.

झिरोमाईल

खरं सांगू? सगळी खोलीच वाजतेय असं.

मूकपट

हा हा. म्हणजे काही तास तरी तुम्ही डायपोलवाले होतात.

डेसिबल

काका, हा गुण तुमचा.

पुणेरी_पाटी

शेवटी कोणते स्पीकर घेतले ते लिहिलंच नाही.

झिरोमाईल

समोरच्याच मालिकेतली सर्वात लहान जोडी. डायपोलच्या निम्म्याहून कमी किंमत. उरलेल्या पैशात छताचे चार आले आणि गहू परत कोठीत भरायला एक माणूस.

तर्रीपोहे

मग भाऊ, रविवारी येऊ का पोहे घेऊन? तर्री वेगळ्या डब्यात आणतो, कार्पेटवर सांडणार नाही.

झिरोमाईल

या की. पण मधली खुर्ची बायकोने घेतली आहे आणि कडेच्या दोन मुलांच्या. तुम्हाला दिवाण. तिथे सराउंड थोडा पुढून ऐकू येतो, आणि शेजारी आई घोरत असते.